अश्वपारखी राणी

गेल्या लग्नसराईतील गोष्ट. नल्लकुंट्याच्या फीव्हर हॉस्पिटलच्या रस्त्याने एक वरात चालली होती. पुढे बँडवाले, मागे दिव्यांची रांग आणि मध्ये पांढऱ्या घोडीवर नवरदेव. कोणीतरी उत्साहाच्या भरात फटाक्यांची माळ घोडीच्या अगदी पायांपाशी पेटविली. घोडी दचकली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि नवरदेवाचा फेटा रस्त्यावर लोळू लागला. इतक्यात तिचा मोतद्दार पुढे झाला. त्याने लगाम ओढला नाही, चाबूक उगारला नाही. घोडीच्या मानेवर पालथा हात ठेवून तो तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहिला. फटाके वाजतच होते, पण घोडी हळूहळू शांत झाली.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात आम्ही १८५७ च्या स्वातंत्र्यसंग्रामाचा पाठ घेत होतो. वरात पाहिलेली एक विद्यार्थिनी उठून उभी राहिली आणि तिने विचारले की, फटाक्यांनी घोडी एवढी बिथरते, तर झाशीच्या राणीचा घोडा तोफांना भीत नव्हता काय? वर्ग हसला, पण आम्हांला हसू आले नाही. इतकी वर्षे हा पाठ शिकवीत असताना आम्ही राणीच्या हातातील तलवारीकडे पाहिले, पाठीशी बांधलेल्या बाळाकडे पाहिले, पण घोड्याकडे कधी पाहिलेच नव्हते. शिवाय आमचा जन्म समुद्रकाठचा. होडी, पडाव, वल्ही यांची ओळख आम्हांला लहानपणापासून होती, घोडा मात्र चित्रातच पाहिलेला. तेव्हा त्या मुलीला आम्ही आठवड्याची मुदत मागितली आणि जुनी चरित्रे काढून बसलो. त्या वाचनातून जी राणी आम्हांला भेटली, तिची ओळख आमच्या विद्यार्थिमित्रांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका. वडील मोरोपंत तांबे, आई भागीरथीबाई. जन्म काशीस, १९ नोव्हेंबर रोजी झाला. जन्माचे वर्ष जुन्या चरित्रांत १८३५ असे दिले आहे, तर काही अभ्यासक ते १८२८ मानतात. आईचे छत्र लहानपणीच हरपले. मोरोपंत कानपूरजवळ ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाला राहिले, आणि आईवेगळी मनू पेशव्यांच्या वाड्यात वाढू लागली.

१८१८ मध्ये पेशव्यांचे राज्य गेले होते, परंतु वाड्यातील रीत अजून गेली नव्हती. मराठ्यांचे राज्य उभे राहिले ते घोड्याच्या पाठीवर. सरकारी घोड्यावर बसून लढणारा तो बारगीर आणि स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, असे स्वारांचे दोन प्रकार त्या काळी होते. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची रोजी बुडे. म्हणून घोड्याची निगा ही त्यांच्या घरी कुटुंबातील माणसाच्या निगेइतकीच महत्त्वाची मानली जाई. अशा परंपरेत वाढलेल्या पेशव्यांच्या वाड्यात मुलांना अक्षरओळखीबरोबर घोड्याचीही ओळख करून देत. नानासाहेबांसारख्या वाड्यातील मुलांच्या सहवासात मनू घोड्यावर बसू लागली. मुलीच्या जातीला हे कशाला, असे म्हणणारे तेव्हाही पुष्कळ असतील. पण मोरोपंतांनी तिला अडविले नाही, हे त्यांचे आपल्यावरील उपकारच म्हटले पाहिजेत.

१८४२ मध्ये झाशीचे अधिपती गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी मनूचा विवाह झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली. पुढील काही वर्षे तिला राजवाड्याच्या भिंतींआड काढावी लागली. १८५१ साली झालेला पुत्र अवघ्या काही महिन्यांत दगावला. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी एक मुलगा दत्तक घेतला. त्याचे नाव दामोदरराव ठेवण्यात आले. कंपनी सरकारने ते दत्तक मान्य केले नाही. १८५४ मध्ये झाशी खालसा झाली, आणि राज्याच्या स्वामिनीला दरमहा ५००० रुपयांचे वेतन ठरवून किल्ल्याबाहेर शहरातील वाड्यात राहावयास सांगण्यात आले.

पती गेला, पुत्र गेला, राज्य गेले. अशा वेळी एखादी स्त्री अंधाऱ्या खोलीत दिवस कंठीत बसली असती, तर तिला कोणी दोष दिला नसता. राणीने काय केले? ती पहाटे उठू लागली. तिच्या दिनक्रमाची हकीकत आपल्याला मराठीतच वाचावयास मिळते, ही भाग्याची गोष्ट आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या धामधुमीत झाशीत सापडले. त्यांनी लिहून ठेवलेला वृत्तांत १९०७ मध्ये माझा प्रवास या नावाने प्रसिद्ध झाला. त्यांनी राणीला जवळून पाहिले होते. पहाटे मल्लखांब व इतर व्यायाम, त्यानंतर घोड्यावरून रपेट, मग स्नान, पूजा, दानधर्म आणि कामकाज, असा तिचा क्रम होता. त्या रपेटीत एका दिवसाने काय मिळते? काहीच नाही. पण रोज सकाळी तोच हात लगामावर पडू लागला की घोड्याला त्या हाताची भाषा कळू लागते. दुःख गिळून राणी जे करीत होती, ती एक प्रकारची साधना होती.

या साधनेचे फळ काय होते, ते दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये लिहिलेल्या राणीच्या चरित्रात दिसते. त्या काळी उत्तर हिंदुस्थानात घोड्याची खरी पारख असणारी मोजकीच माणसे होती. नानासाहेब पेशवे आणि ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे यांच्या जोडीने राणी लक्ष्मीबाईंचे नाव घेतले जाई. एकदा एक सौदागर दोन घोडे घेऊन वाड्यावर आला. दोन्ही सारखेच उमदे, सारखेच तेजस्वी. पाहणाऱ्याला त्यांत डावे-उजवे करता येऊ नये. राणीने एकावर मांड टाकली, त्याला मंडळावर फिरविले आणि खाली उतरून त्याची किंमत १००० रुपये सांगितली. मग दुसऱ्यावर बसली. दोन-चार फेऱ्या होताच ती उतरली आणि त्याचे मोल अवघे ५० रुपये ठरविले. सगळे चकित झाले. तिने कारण सांगितले की, या घोड्याच्या छातीला आतून मार बसलेला आहे. सौदागराने ते निमूटपणे कबूल केले.

ही हकीकत म्हणजे काही चमत्कार नव्हे, आणि चमत्कार मानून ती सोडून दिली तर तिचे खरे मोल आपल्या हाती लागणार नाही. घोड्याच्या शरीराचा अर्ध्याहून अधिक भार त्याच्या पुढच्या दोन पायांवर असतो. छातीत किंवा खांद्यात इजा असेल तर घोडा उभा असताना ती दिसत नाही. खरारा करून, अंगाला चकाकी आणून, चार दिवस उत्तम चंदी खाऊ घालून सौदागर तो दोष झाकू शकतो. पण घोडा वळू लागला की पुढचे पाऊल किंचित आखूड पडते आणि पाठीवरच्या स्वाराला आपल्या मांड्यांखाली एक बारीकसा अडखळा जाणवतो. तो जाणवावा यासाठी त्याआधी शेकडो निरोगी घोड्यांची चाल अंगात मुरलेली असावी लागते. राणीने डोळ्यांनी नव्हे, तर आपल्या रोजच्या अभ्यासाने तो दोष ओळखला.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. घोडा हा स्वभावाने भित्रा प्राणी आहे. त्याला शिंगे नाहीत, नख्या नाहीत. धोका दिसला की पळावयाचे, हेच त्याचे शस्त्र. तोफेच्या गडगडाटाला तो भिणारच. म्हणून लढाईच्या घोड्याला शिकवावे लागते. आधी दुरून आवाज ऐकवावयाचा, मग थोडा जवळून, मग आणखी जवळून. आणि प्रत्येक वेळी स्वाराने स्वतः न दचकता त्याच्या मानेवर हात ठेवावयाचा. आवाज झाला तरी आपल्याला काही झाले नाही आणि आपला माणूस आपल्या पाठीवर आहे, हे शंभरदा अनुभवल्यावर घोड्याचा विश्वास बसतो. तेव्हा घोडा तोफेला भीत नाही असे नव्हे. तो भितो, पण स्वारावरील त्याचा विश्वास त्या भीतीहून मोठा होतो. आमच्या रस्त्यावरील मोतद्दाराने त्या रात्री जे केले, तेच झाशीच्या राणीने आयुष्यभर केले होते.

या विश्वासाची कसोटी लवकरच आली. जून १८५७ मध्ये झाशीतील पलटणी उठल्या आणि राज्याचा भार पुन्हा राणीच्या खांद्यावर आला. मार्च १८५८ च्या उत्तरार्धात सर ह्यू रोज याची फौज झाशीपुढे येऊन ठाकली. शहरावर तोफा डागल्या जाऊ लागल्या. मदतीस आलेल्या तात्या टोप्यांचा १ एप्रिलला बेटवेच्या काठी मोड झाला. ३ एप्रिलला शत्रू शहरात घुसला. ४ एप्रिलच्या रात्री राणीने पुरुषवेष केला, दामोदररावाला पाठीशी बांधले आणि मूठभर स्वारांनिशी ती झाशीबाहेर पडली.

झाशीच्या किल्ल्यात आज एक उंच जागा दाखवितात आणि राणीने घोड्यासह तेथून खाली उडी टाकली असे सांगतात. लोकांच्या प्रेमाने रचलेली ही कथा आहे. तिचा उपहास करण्याचे कारण नाही. पण त्या तटाची उंची पाहिली तर कोणताही घोडा तेथून पडून पायांवर उभा राहणार नाही, हे कळते. घोड्याच्या छातीतील छुपा मार जिने ओळखला, ती पाठीवर मूल असताना आपल्या घोड्याला अशा कड्यावरून लोटील काय? आम्हांला वाटते की, शत्रूच्या पहाऱ्यांमधून, अंधारात, आवाज न करता घोडा काढून नेणे हेच उडीपेक्षा अवघड काम होते. आणि ते तिने केले.

सकाळ होताच पाठलाग सुरू झाला. येथे या कथेत आपले शहर येते, आणि ते अभिमानाने सांगण्याजोगे नाही. सर ह्यू रोजच्या फौजेत हैदराबाद कंटिंजंट होते. ही फौज निजामाच्या नावाची, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीतील. तिचे मुख्य ठाणे येथेच बोलारमला होते आणि तिच्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड काढून घेण्यात आला होता. याच हैदराबादी घोडदळाचा लेफ्टनंट डाउकर राणीच्या मागावर होता. झाशीपासून सुमारे वीस मैलांवर भांडेर येथे त्याला राणीचा तंबू दिसला. आतील न्याहारी अर्धवट टाकून ती नुकतीच निघाली होती. गावापलीकडे चार सोबत्यांसह पांढुरक्या घोड्यावरून दौडत जाणारी राणी त्याच्या दृष्टीस पडली. अंतर कमी होत होते. इतक्यात डाउकर जबर जखमी होऊन घोड्यावरून खाली आला आणि पाठलाग तेथेच थांबला. पण त्याआधी एक वर्षही झाले नव्हते, तोच १७ जुलै १८५७ रोजी याच शहरात तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन यांनी लोकांना बरोबर घेऊन कोठीच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला होता, हेही आपण विसरता कामा नये. एकाच शहराची माणसे दोन्ही बाजूंना होती. इतिहास वाचताना सोयीचे तेवढेच वाचून चालत नाही.

राणी काल्पीस पोहोचली तेव्हा दिवस मावळून रात्र झाली होती. झाशी ते काल्पी हे अंतर सुमारे १०० मैलांचे. आज जगात १६० किलोमीटरच्या घोडदौडीच्या स्पर्धा होतात. त्यांत टप्प्याटप्प्यावर घोडा थांबवून पशुवैद्य त्याची नाडी तपासतात, त्याला पाणी पाजतात आणि थकलेला घोडा स्पर्धेतून बाजूला काढतात. राणीच्या वाटेवर पशुवैद्य नव्हता. बुंदेलखंडातील एप्रिलचे ऊन होते, पाठीशी मूल होते आणि मागे शत्रू होता. चरित्रकार सांगतात की, काल्पीस पोहोचून राणी खाली उतरताच तो घोडा कोसळला आणि पुन्हा उठला नाही. त्याचा पुतळा कोठे नाही. पण राणीच्या आयुष्याचे पुढचे अडीच महिने त्याने आपले आयुष्य देऊन विकत घेतले, असे म्हटले तर ते खोटे ठरू नये.

मे महिन्यात कोंचच्या लढाईत पुन्हा पराभव झाला. त्यानंतर एका पहाटे काल्पीच्या वाटेवर गोडसेभटजींना एका विहिरीपाशी काही स्वार भेटले. त्यांत पठाणी वेषातील, धुळीने माखलेली राणी होती. तहानेने तिचा घसा कोरडा पडला होता. भटजी पाणी काढून देण्यास पुढे झाले, तेव्हा तिने विद्वान ब्राह्मणाकडून ते काम करवून घेण्यास नकार दिला, मातीचे मडके स्वतः विहिरीत सोडले आणि ओंजळीने पाणी प्याली. मग पुन्हा घोड्यावर बसून ती निघून गेली. एका कोकणी माणसाने पाहिलेली ती राणी आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

काल्पीही पडली. १ जून १८५८ रोजी राणी, तात्या टोपे व रावसाहेब पेशवे यांनी ग्वाल्हेर घेतले. परंतु विजयाच्या समारंभांत मोलाचे दिवस गेले, आणि इंग्रजांची फौज ग्वाल्हेरवर येऊन धडकली. १७ जून रोजी (काहींच्या मते १८ जूनला) कोटा-की-सराय येथे शेवटची लढाई झाली. राणीच्या मृत्यूच्या कथा अनेक आहेत. आपल्या चरित्रकारांनी जपलेली परंपरा अशी की, त्या दिवशी राणीच्या मांडीखाली तिचा जुना, ओळखीचा घोडा नव्हता. शिंद्यांच्या पागेतील एक नवा घोडा होता. शत्रूची फळी फोडून राणी निघाली. समोर एक लहानसा ओढा आला. रोजचा घोडा असता तर एका ढेंगेत पलीकडे गेला असता. नवा घोडा काठावर थबकला, गोल फिरला, पुढे जाईना. तेवढ्या वेळात शत्रूचे स्वार येऊन भिडले. राणी प्राणांतिक जखमी झाली. विश्वासू माणसांनी तिला जवळच्या बाबा गंगादासांच्या मठात नेले आणि तेथेच तिचा देह अग्नीला दिला. वयाची तिशीही तिने पूर्ण केली नव्हती.

जिने दोन-चार फेऱ्यांत घोड्याच्या अंतरंगाचा ठाव घेतला, तिला अखेरच्या दिवशी घोड्याची ओळख करून घेण्यास चार दिवस मिळाले नाहीत. हा प्रसंग वाचताना आमचे मन गलबलले. त्या घोड्याला मात्र आम्ही दोष देत नाही. तो भ्याड नव्हता, दुष्टही नव्हता. पाठीवर कोण बसले आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. तिचा हात त्याच्या मानेवर पुरेसे दिवस पडला नव्हता, आणि विश्वास काही एका सकाळीत उपजत नाही.

आठवडा संपल्यावर आम्ही वर्गात हे सारे सांगितले. प्रश्न विचारणारी मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने हळूच विचारले की, त्या नव्या घोड्याचे पुढे काय झाले असेल? या वेळी कोणीही हसले नाही.

विद्यार्थिमित्रहो, राणीचे शौर्य आपल्याला ठाऊक आहे आणि तिला वंदन करावयास आपण कधी चुकत नाही. पण शौर्य दिसते ते रणांगणावर, एखाद्याच दिवशी. ते तयार होते ते मात्र कोणी पाहत नसलेल्या पहाटांमध्ये. पुढच्या वेळी राणीचे चित्र पाहाल तेव्हा तलवार धरलेला हात क्षणभर बाजूला ठेवा आणि लगाम धरलेला दुसरा हात पाहा. आणि आपल्या रस्त्याने वरात जाईल, तेव्हा घोडीच्या पायांपाशी फटाका लावू नका. तिच्या भीतीचे कारण आता तुम्हांला माहीत झाले आहे.